न्याहारी हलकी, वाट वळणाची

निवृत्तीनंतर दोघांनीच इटलीला जावे, भाड्याची गाडी घ्यावी आणि फ्लॉरेन्सहून सिएनापर्यंत द्राक्षमळ्यांतून निवांत फिरावे, असा बेत करणारी जोडपी आता आमच्या दवाखान्यातही भेटतात. बेत उत्तम आहे. मात्र दोघांपैकी जो गाडी चालवणार त्याला मधुमेह असेल, तर त्या दिवसाचे जेवण आणि गाडी यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सकाळची गोळी आणि दुपारचे जेवण

इटलीतील न्याहारी म्हणजे बहुधा कॉफी आणि एक गोडसर पाव. आपल्या पोहे-उपम्यासारखा आधार तिला नसतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी सकाळी घेतली, न्याहारी अशी हलकी झाली आणि दुपारचे जेवण लांबले, तर रक्तातील साखर नेमकी गाडी चालवताना उतरू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना तो फारच कमी असतो.

तेथील उपाहारगृहांत दुपारचे जेवण साधारण साडेबारा ते अडीच या वेळातच मिळते. त्यानंतर अनेक स्वयंपाकघरे संध्याकाळी सात-साडेसातपर्यंत बंद असतात. म्हणून न्याहारीत अंडी, दही किंवा चीज यांची भर घाला आणि साडेबाराच्या सुमारास जेवायला बसा. पर्समध्ये खाखरा, भाजलेले चणे आणि ग्लुकोजची पुडी असू द्या.

गाडी सुरू करण्यापूर्वी साखर तपासा आणि पुढे दर दोन तासांनी पुन्हा पाहा. ती ९० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर आधी खा. ७० च्या खाली असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, त्यानंतर काहीतरी खा आणि साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडी चालवू नका.

शेजारी बसणाऱ्याचा शब्द अखेरचा

साखर उतरू लागली की घाम येतो, हात थरथरतात, चिडचिड होते, लक्ष विचलित होते. चालवणाऱ्याला स्वतःला हे अनेकदा जाणवत नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत तर थरथर आणि धडधड ही लक्षणे झाकली जातात. शेजारी बसलेल्या जोडीदाराला मात्र उत्तरे तुटक येऊ लागल्याचे किंवा गाडी कडेला सरकत असल्याचे लगेच दिसते. “गाडी बाजूला घ्या” असे जोडीदाराने म्हटले की वाद न घालता थांबायचे, हे घरून निघतानाच ठरवा. साखर उतरलेला माणूस “मला काही झालेले नाही” असे ठामपणे सांगतो. म्हणून हा करार आधीच झालेला असावा.

रस्ता

कियांती भागातून जाणारा हा रस्ता सुमारे ७० किलोमीटरचा, पण सतत वळणांचा आहे. वाहने उजव्या बाजूने चालतात. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही हवा. स्वयंचलित गिअरची गाडी आधीच मागून घ्या. मळमळीवरच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्या चालवणाऱ्याने घेऊ नयेत.

दीड-दोन तासांनी थांबून पाच-दहा मिनिटे चाला, म्हणजे पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. ग्रेव्हे गावचा त्रिकोणी चौक त्यासाठी सोयीचा आहे. लघवीला जावे लागेल म्हणून पाणी टाळू नका. इटलीत ‘बार’ म्हणजे मुख्यतः कॉफीचे दुकान. तिथे एक कॉफी घेतली की स्वच्छतागृहाची सोय होते. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते सोबत बाळगा.

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन्ही शहरांच्या जुन्या भागांत बाहेरच्या वाहनांना बंदी आहे. कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात आणि दंड होतो. गाडी बाहेरच्या वाहनतळावर लावा. सिएना टेकड्यांवर वसले आहे, पण काही ठिकाणांहून वर नेणारे सरकते जिने आहेत. गुडघे दुखत असतील, तर मनोऱ्याच्या चारशेच्या आसपास पायऱ्या सोडून द्या आणि शिंपल्याच्या आकाराच्या चौकात निवांत बसा.

ताट आणि प्याला

तस्कनीचा पाव बिनमिठाचा असतो, म्हणून सारेच जेवण अळणी समजू नका. पेकोरिनो चीज आणि खारवलेले मांस यांत मीठ भरपूर असते. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास ते चवीपुरतेच घ्या. पास्त्याची एक थाळी दोघांत वाटून घ्या आणि सोबत भाजी किंवा घेवड्याच्या दाण्यांची डिश मागवा. पाव, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि पालेभाजी यांचे ‘रिबोलीता’ हे दाट सूप पोटभरीचे असते. काटेकोर शाकाहारींनी सुपाचा रस्सा मांसाचा आहे का, हे विचारावे. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते, हेही ध्यानात ठेवावे.

इटलीत गाडी चालवताना रक्तातील मद्याची मर्यादा लिटरमागे अर्धा ग्रॅम आहे. मधुमेही चालकाने मात्र या मर्यादेचा हिशेबच करू नये. यकृत साखर तयार करून उतरती पातळी सावरत असते, मद्य त्या कामात अडथळा आणते आणि हा परिणाम कित्येक तास टिकतो. चालवणाऱ्याने दिवसभर वाइन टाळावी. रात्री मुक्कामी घेतलीच, तर थोडी आणि जेवणासोबतच घ्यावी.

निघण्यापूर्वी

इटलीचे घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास असते. गोळ्यांच्या, विशेषतः इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या. लघवीची गोळी घेत असाल, तर प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी तेही विचारा. औषधांची मूळ नावे असलेली चिठ्ठी दोघांकडेही असावी. हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचे दुकान. तातडीच्या मदतीचा क्रमांक आपल्यासारखाच ११२ आहे.

आई-बाबांची सहल आखून देणाऱ्या मुलांनी एवढे करावे: एका दिवसात एकच गाव ठेवावे, दुपारच्या जेवणाची जागा आधी राखून द्यावी आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचता येईल असा बेत करावा.