अँबेसेडरच्या पोटात कुणाचं इंजिन?

पेट्रोलची म्हणून नोंदलेली जुनी अँबेसेडर चावी फिरवताच ट्रॅक्टरसारखी थरथरली, तर बॉनेटखाली दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन असण्याची शक्यता दाट. पेट्रोल परवडेना तेव्हा अनेकांनी चक्क मॅटाडोरचं इंजिन बसवून घेतलं.

थरथर येते दाबातून. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं मिश्रण सात-आठ पट दाबून ठिणगीनं पेटवतात. डिझेल इंजिनात नुसती हवा वीसेक पट दाबली जाते. ती इतकी तापते की डिझेल आपोआप भडकतं. हे हादरे सोसायला इंजिन जाडजूड, म्हणून जड. पुढं जास्त पोती लादलेल्या बैलगाडीसारखं मग गाडीचं नाक दबतं.

जुनी गाडी घेताना इंजिनाबरोबर नंबरही तपासावेत. हिंगोली जिल्हा 1999 साली परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे हिंगोलीतल्या जुन्या गाडीवर तिथल्या एमएच 38 ऐवजी परभणीचं एमएच 22 दिसलं, तर वावगं नाही. इंजिन नंबर मात्र आरसीशी जुळलाच पाहिजे. तो कानशीनं घासला तरी पुरता जात नाही. पंचाच्या घावानं खालचा धातूही दबलेला असतो, वहीच्या पुढच्या पानावर पेनाचा ठसा उमटावा तसा. तपासणारे तिथं आम्ल लावतात. दबलेला भाग वेगळ्या वेगानं झिजतो नि आकडे पुन्हा दिसू लागतात.

2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात असेल तरच. रोज फिरवायला बदललेलं इंजिन चालेल, आरसीत नोंद असल्यास. संग्रहासाठी घेणाऱ्यानं भाव पाडून मागावा, आणि मूळ इंजिन गोठ्यात पडलेलं असेल तर तेही उचलून आणावं.