विश्लेषण : तेल नायजेरियाचे, मग कामे बाहेरच्यांना का?

नायजेरियात १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे मोठा तेलसाठा सापडला. पुढची अनेक दशके तेल देशातले, पण आराखडे, पाइप, व्हॉल्व्ह आणि जहाजे बहुतांश बाहेरची, असे चित्र होते. ते बदलण्यासाठी काय झाले?

कायदा काय सांगतो?
२०१० च्या कायद्याने अभियांत्रिकी, फॅब्रिकेशन, साहित्य खरेदी अशा कामांत स्थानिकांचा किमान वाटा ठरवून दिला. देखरेखीसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. तेल-वायू उत्खननातील प्रत्येक कंत्राटाच्या रकमेतील १ टक्का स्थानिक उद्योगांच्या विकास निधीत जमा होतो.

टक्केवारी पुरेशी का नाही?
टक्का कागदावरही गाठता येतो. भागीदार स्थानिक, पण नावापुरता. काम आणि नफा परदेशी कंपनीकडे. पश्चिम आफ्रिकेतल्याच घानाने २०१३ च्या नियमांत असा प्रकार गुन्हा ठरवला.

पण प्रामाणिक कारखानदाराची अडचण वेगळी आहे. समुद्रातील तेल प्रकल्पात साधा व्हॉल्व्हही प्रमाणित लागतो. वेल्डरलाही पात्रता चाचणी द्यावी लागते. अनुभव नाही म्हणून काम नाही आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. त्यात बिल उशिरा निघाले की छोट्या कारखान्याचे खेळते भांडवलच अडकते. त्यामुळे २०१७ मध्ये याच निधीतून ‘बँक ऑफ इंडस्ट्री’मार्फत २० कोटी डॉलरची कर्ज योजना सुरू झाली.

फरक कुठे दिसला?
एगिना या खोल समुद्रातील प्रकल्पात. तेल काढून साठवणाऱ्या महाकाय जहाजाचा सांगाडा दक्षिण कोरियात बांधला गेला. मात्र त्यावरील १८ पैकी ६ मॉड्यूल नायजेरियात तयार झाली आणि लागोसच्या यार्डात जहाजावर बसवली गेली. डिसेंबर २०१८ मध्ये उत्पादन सुरू झाले. क्षमता दिवसाला २ लाख पिंप.

आता पुढे काय?
एक प्रकल्प संपला आणि दुसरा आला नाही, तर यार्ड ओस पडते आणि शिकलेले हात पांगतात. म्हणून पुढील काही वर्षांत काय खरेदी करणार, हे कंपन्यांनी आधीच जाहीर करणे, मोठ्या कंत्राटाचे छोटे भाग पाडणे आणि बिले वेळेत देणे, हे टक्केवारीइतकेच महत्त्वाचे ठरते. तेलविहीर कधी तरी आटणारच. पण प्रमाणित वेल्डर आणि चालता कारखाना जहाजबांधणीपासून वीज प्रकल्पापर्यंत कुठेही काम मिळवू शकतो.