जाड नायलॉनवर टाका का सुटतो?

दप्तराचा पट्टा शिवताना टाके सुटू लागले की बहुतेकजण आधी टेन्शनचा स्क्रू पिळतात. दोष मात्र बहुधा सुईत असतो. खाली गेलेली सुई किंचित वर येते तेव्हा नेढ्यापाशी दोऱ्याचा छोटा फास सुटतो आणि शटलचे टोक तो पकडते. चिवट कापड सुईला धरून तिच्याबरोबरच वर उचलले गेले, तर फास तयारच होत नाही. म्हणून १६ नंबरची, पट्ट्यासाठी १८ नंबरची कोरी सुई लावा. दोरा पॉलिएस्टरचा घ्या आणि टाका लांब ठेवा.

भरधाव शिवल्याने सुई तापते. नायलॉन २२० अंश सेल्सियसच्या पुढे वितळू लागते. त्याचा कण नेढ्यात बसला की दोरा तुटतच राहतो. सुई थंड झाल्यावर नख फिरवून पाहा, खरखरीत थर लागेल.

जाड घडीवर चढताना कापड दाबणारा मशीनचा पाय मागे झुकतो आणि मशीन जागच्या जागी टाके घालते. पायामागे तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा सरकवा, चाक हाताने फिरवा. कापड ओढू नका, सुई वाकते. पट्ट्याचे चार थर मात्र घरच्या मशीनवर घेऊच नयेत. ते बॅग शिवणाऱ्याच्या जड मशीनचे काम.