तळपायावरच्या काळ्या डागाची परीक्षा

येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला अनवाणी येणारे भाविक कमी नाहीत. सतत दाब आणि घर्षण सोसणाऱ्या टाचेवर कधीकधी काळा ठिपका उमटतो. बहुधा ते कातडीत साकळलेले रक्त असते. त्वचारोगतज्ज्ञाने वरचा निबर थर पात्याने हलकेच खरवडला की डाग निघून जातो. जो निघत नाही, त्याची मात्र नीट चौकशी व्हायला हवी.

मेलॅनोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत त्याचे नाते उन्हाशी आहे. भारतात तो दुर्मीळ, वर्षाला लाखात एकाहूनही कमी. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, जिथे ऊन फारसे पोचत नाही. गायक बॉब मार्ली १९८१ साली छत्तिसाव्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्यातल्या अशाच मेलॅनोमाने.

डर्मोस्कोप म्हणजे दिवा लावलेले, साधारण दहापट मोठे दाखवणारे भिंग. त्यातून तळवा नांगरलेल्या रानासारखा दिसतो: वरंबे आणि सऱ्या. वरंब्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने दिसतात, त्यामुळे वरंबा कोणता हे चुकत नाही. साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांमधून धावतो. मेलॅनोमाचा वरंब्यांवर पसरतो. पण मेंदी आणि साकळलेले रक्तही वरंब्यांवरच दिसू शकते. म्हणून भिंग संशय कुठे घ्यायचा ते सांगते. निकाल देत नाही.

निकाल ऊतक तपासणीतून लागतो. शक्य असेल तर डाग कडेच्या थोड्या निरोगी त्वचेसह पूर्ण काढतात, फॉर्मालिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून त्याचे अतिपातळ काप रंगवतात. रंगपेशी खालच्या थरातच नेमस्त आहेत, की वरच्या थरांत विस्कळीत चढल्या आहेत, हे विकृतिशास्त्रज्ञ पाहतात. मग गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. हे माप अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली रूढ केले. एक मिलिमीटरच्या आतला मेलॅनोमा वेळीच काढला तर रुग्ण बहुधा बरा होतो. चारच्या पुढे धोका फार वाढतो.

म्हणूनच चामखीळ समजून काळ्या डागावर चुना-सोडा किंवा ॲसिड लावणे घातक. वरचा रंग जळतो, खालच्या पेशी वाढत राहतात आणि खोली मोजायला पुरावाच उरत नाही. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय येरमाळ्याहून फार लांब नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. तळव्यावरचा डाग वाढत, रंग बदलत किंवा चिघळत असेल, तर तो न जाळता डॉक्टरांना दाखवावा.