शिवणीत थोडी माया असू द्या

दिवसा लॅपटॉपसमोर आणि संध्याकाळी शिलाई मशीनसमोर बसणाऱ्या एका हैदराबादी मराठी मुलीचा हा लेख आहे. वय वर्षं पस्तीस, पण आई अजून मुलगीच म्हणते, म्हणून मीही म्हणते.

मला गोड कपडे आवडतात. गोड म्हणजे फुग्याची बाही, गोल कॉलर, कमरेला भरपूर चुण्या, खाली झालर आणि हो, खिसा हवाच. मी बी.ई. झाले, सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं काढली, मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने बसते. पण कापडाच्या दुकानात बारीक चेरीचं प्रिंट दिसलं की माझे पाय तिथेच अडतात.

जपानी लोक या गोडव्याला ‘कवाई’ म्हणतात. आपल्या मुलींच्या दप्तरांवर दिसणारी हॅलो किटी 1974 साली तिथेच जन्मली. टोकियोच्या हाराजुकु भागात रंगीबेरंगी कपडे घालून फिरणाऱ्या तरुणांचे फोटो शोइची आओकी या छायाचित्रकाराने 1997 पासून ‘फ्रूट्स’ मासिकात छापले आणि ती फॅशन जगभर पोचली. जुने कपडे जोडून, घरी शिवून, स्वतःच्या मनाने नटणं हा तिचा गाभा. पण ही हौस आपल्याला जपानकडून उसनी आणायला नको. काठाचं परकर-पोलकं, झबलं-टोपडं, मणी आणि गोंडे लावलेली कुंची... आपल्या घरातली बाळं कायमच ‘कवाई’ होती!

वाढत्या अंगाचं

आपल्याकडे लहान मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवायची पद्धत होती. माझ्या आजीने शिवलेल्या परकराला खाली दोन-तीन आडव्या दुमडी असायच्या. मुलगी उंच झाली की एक दुमड उसवायची, परकर पुन्हा नवा. पोलक्याच्या बाजूच्या शिवणीत इंचभर कापड आत सोडलेलं असायचं. त्याला मराठीत किती सुंदर शब्द आहे बघा: माया. ‘माया ठेवून शीव गं,’ असं आजी आईला सांगायची. आमच्या गल्लीतले मास्टरजी त्यांच्या दखनीत तेच सांगतात, “अंदर दो इंच छोडा हूँ, बाद में खोल लेना.”

मुलीचं अंग बदललं म्हणून तेव्हा तिला कुणी बोल लावत नसे. अंग बदलणारच हे धरूनच कपडा शिवलेला असे. मोठं झाल्यावर मात्र आपण तयार कपड्यात स्वतःला कोंबायला जातो. साइझ बसली नाही की दोष शरीराचा. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून ठेवलेला एखादा ड्रेस तुमच्याही कपाटात असेल. बाईचं अंग तर महिन्यातल्या महिन्यातही बदलतं. पाळीच्या आधी पोट फुगतं, बाळंतपणानंतर सगळंच बदलतं, थायरॉइडची गोळी सुरू झाली की आणखी काही. मग मोठ्यांचे कपडे वाढत्या अंगाचे का नसावेत?

दोन कंबरांची वही

हा प्रश्न माझ्यासाठी हौसेपुरता राहिला नाही. गेल्या वर्षी वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी 6.1 आलं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, 6.5 पासून मधुमेह. ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखरेची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या रात्रीच्या खुबानी का मीठावर खापर फोडता येत नाही. आजीला मधुमेह होता, आईला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत देशात 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आणि 13 कोटी 60 लाख लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. म्हणजे मी एकटी नव्हते, पण त्याने धीर येत नाही.

डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला, “दिवसाला बसता किती तास?” मी मनात बेरीज केली. ऑफिसात नऊ, कॅबमध्ये दोन आणि मशीनसमोर दोन. तेरा तास! मला खरी भीती वाटली ती शेवटच्या दोन तासांची. दिवसभर सर्व्हर, डेडलाइन आणि कॉल यांत पिळून निघाल्यावर एक सरळ टीप मारली की माझं डोकं जागेवर येतं. जो छंद मन सांभाळतो, तोच शरीराच्या मुळावर येणार असेल तर काय करायचं? सोडायचा? डॉक्टरांनी सोडायला सांगितलं नाही. बसणं मोडा, एवढंच म्हणाले. ते कसं मोडायचं हे माझं मलाच ठरवायचं होतं.

सुरुवात हातातल्या टेपनेच झाली. शिंप्याची कंबर आणि डॉक्टरांची कंबर वेगळी असते, हे मला तेव्हा कळलं. शिंपी कंबर जिथे सगळ्यात बारीक तिथे किंवा जिथे आपण नाडी बांधतो तिथे मोजतो. आरोग्यासाठी मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत बायकांची ही कंबर 80 सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच आणि पुरुषांची 90 सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच किंवा त्याहून जास्त असेल, तर मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला धरतात. वजन बेताचं असूनही पोटाचा घेर जास्त, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

आता माझ्या मापांच्या वहीत दोन रकाने आहेत. एक ‘कपड्याचा’, एक ‘तब्येतीचा’. दर तीन महिन्यांनी तारीख घालून दोन्ही लिहिते. पहिल्या रकान्यातला आकडा कितीही असो, त्याला शोभेल असं शिवायचं. दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यासाठी चालायचं. दोन्ही रकाने वेगळे ठेवल्यापासून आरशाशी माझं भांडण बरंच कमी झालं.

बसणं मोडायचं कसं?

शिवणकाम म्हणजे बसणं, असं आपण धरून चालतो. पण नीट पाहिलं तर निम्मं काम उभ्याने होतं. माझ्या घरात मी एवढे बदल केले:

कापड उभ्याने कापायचं. जमिनीवर वाकून कापलं की पाठ आणि गुडघे दोन्ही बोलतात. जेवणाचं टेबल माझ्यासाठी बुटकं होतं, म्हणून रात्री आवरल्यावर पुसून घेतलेला स्वयंपाकाचा ओटा हेच माझं कटिंग टेबल.

इस्त्री दुसऱ्या खोलीत. प्रत्येक शिवण घातल्यावर तिच्यावर इस्त्री फिरवली की कपडा बाजारातल्यासारखा बसतो, हे कुठलाही चांगला शिंपी सांगेल. इस्त्री बेडरूममध्ये ठेवल्यामुळे एका फ्रॉकमागे माझ्या वीसेक फेऱ्या होतात. सफाईही येते, उठणंही होतं.

खुर्चीची उंची. टाके घालताना कोपर साधारण काटकोनात आणि खांदे सैल हवेत. खुर्ची खाली असेल तर खांदे कानाला लागतात आणि मान धरते. दिवा सुईवर हवा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघायचं, हा स्क्रीनवाल्यांचा नियम सुईलाही लागू. मी समोरच्या इमारतीतली तुळस बघते.

जेवणानंतर आधी चालायचं, मग मशीन. जेवणानंतरच्या छोट्या फेरीने साखर एकदम वर चढत नाही. पंधरा मिनिटं सोसायटीत फिरून आल्याशिवाय मशीनवरचं कव्हर निघत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगते. रोजच्या या फेरीने त्यातली शंभरावर मिनिटं तर भरतात.

साडेदहाला मशीन बंद. झोप कापून शिवलेला कपडा अंगाला लागत नाही, असं माझं मत आहे. शिवाय रात्री अकरानंतरची टीप सकाळी उसवावीच लागते!

खाण्याबद्दल फार बोलत नाही, कारण त्यातली मोठी संस्था आपल्याच शहरात आहे. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था 1958 पासून हैदराबादेत आहे. तिच्या 2024 च्या मार्गदर्शनात एक सोपं चित्र दिलंय: दिवसभराच्या खाण्यातला जवळजवळ अर्धा वाटा भाज्या आणि फळांचा. मी भात सोडला नाही. ताटातली त्याची जागा कमी केली आणि भाजीला माया वाढवली.

कापडाच्या निमित्ताने चालणं

हैदराबादेत राहून कापड ऑनलाइन मागवणं म्हणजे गोदावरीकाठी राहून बाटलीबंद पाणी पिणं. शनिवारी सकाळी ऊन चढायच्या आत सिकंदराबादचा जनरल बाजार गाठा. लेस, बटणं, पायपिंग, अस्तर... गल्ल्या अरुंद, गाडी न्यायची सोय नाही, त्यामुळे चालणं आपोआप. आपल्या जुन्या मराठी घरांना ओळखीचा सुलतान बाजार आता मेट्रोच्या हिरव्या मार्गावर आहे. माधापूरकडच्या मंडळींना शिल्पारामम् जवळ.

तेलंगणाचं हातमाग कापड गोड कपड्यांना फार छान जातं. पोचमपल्ली इकतचं सूत विणण्याआधी बांधून रंगवतात, म्हणून नक्षीच्या कडा किंचित विरघळलेल्या दिसतात आणि कापड दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखं असतं. शिकाऊ हातांना सुलटं-उलटं शोधत बसावं लागत नाही. नारायणपेठी तर आपली घरचीच. तेलंगणातल्या या गावात शिवरायांच्या फौजेबरोबर आलेले विणकर राहिले, असं सांगतात. आईची जुनी नारायणपेठी आडवी वापरली की काठ बरोबर फ्रॉकच्या खालच्या घेराला येतो आणि खाली दुमडायचंही काम उरत नाही. बागलकोटकडच्या गुळेदगुड्डचा खण पन्ह्याला अरुंद, म्हणून तो कॉलर, योक आणि खिशांना राखून ठेवा. एप्रिल-मेच्या इथल्या उन्हात नायलॉनच्या जाळीचा फुगवटा विसरा. घेर हवा असेल तर मलमलच्या अस्तराला चुण्या घाला.

आणि खिसा मोठा करा. फोन, किल्ली आणि मेट्रो कार्ड त्यात मावलं की पर्स न घेता चालायला निघता येतं.

“या वयात?”

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी काळ्या इकतचा, पांढऱ्या गोल कॉलरचा फ्रॉक घालून गेले. एका काकूंनी हसत विचारलं, “अगं, हा तुझा की भाचीचा?” मी म्हटलं, “काकू, दोघींचा आहे, एकाच कापडातला.” जाताना त्यांनीच हळूच विचारलं, “खिसेवाला गाऊन शिवशील का गं मला? गुडघ्यामुळे हातात काठी असते, मोबाइल ठेवायला जागा नाही.” तो आता शिवून झालाय. खिशाला छोटी चेरीही आहे.

सहा महिन्यांनी माझं एचबीएवनसी 5.8 आलं. अजून उंबरठ्यावरच आहे, पण पाऊल आत पडलेलं नाही. वजन दोनच किलो उतरलं, तब्येतीच्या रकान्यातली कंबर दीड इंच. डॉक्टर म्हणाले, “असंच चालू ठेवा.” घरी येऊन मी दोन फ्रॉकच्या बाजूच्या शिवणी थोड्या आत घेतल्या. वरचं कापड कापून टाकलं नाही. माया तशीच आत आहे. उद्या लागली तर उसवता येईल. हे आकडे माझ्या शरीराचे. तुमचे तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण तपासणी पुढे ढकलू नका.

सुरुवात करायची असेल तर

सोपा घेरदार स्कर्ट घ्या. 44 इंच पन्ह्याचं सुती कापड सव्वादोन मीटर. तयार उंची 30 इंच हवी असेल तर प्रत्येकी 35 इंच लांबीचे दोन तुकडे कापा: तीन इंच खालच्या दुमडीला, दोन इंच कमरेच्या नेफ्याला. उरलेल्या कापडात दोन खिसे होतात. बाजूच्या शिवणींत इंचभर माया सोडा आणि कमरेला इलॅस्टिकऐवजी नाडी घाला, म्हणजे सणाच्या जेवणानंतरही सैल करता येईल. मात्र कापायच्या आधी कापड पाण्यातून काढायचंच, कारण सुती कापड आटतं. ते दोरीवर वाळत टाका आणि वाळेपर्यंत एक फेरी मारून या.