सोबतीला आलेल्या मालिका

आमच्याकडे ‘सोबतीला जाणं’ ही जुनी रीत आहे. घरात कुणी गेलं, कुणी दवाखान्यात असलं, एखादी बाई एकटी पडली की शेजारची काकू रात्री आपली चादर-उशी घेऊन येते. सांत्वनाचं ती फारसं बोलत नाही. भाजी निवडते, दूध तापवते, दिवा मालवते आणि पलीकडच्या कॉटवर आडवी होते. झोप लागायला तेवढं पुरतं.

२०२०च्या जुलैत ही रीत मोडली. १० ते १८ जुलै असे नऊ दिवस औरंगाबादेत कडक संचारबंदी होती. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. बाबा कोविडच्या वॉर्डात. त्यांच्या उशाशी बसायला कुणाला परवानगी नव्हती आणि सिडकोतल्या घरी आईच्या सोबतीलाही कुणी येऊ शकत नव्हतं. बातम्या आम्ही बंदच केल्या होत्या. करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले त्याला दोनच महिने झाले होते आणि रुळांत विखुरलेल्या त्या पोळ्या आईच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हत्या. अशा एका रात्री माझ्या मुलीनं मोबाईल उशीला टेकवून उभा केला आणि म्हणाली, “आजी, तुला एक खानावळ दाखवते.”

ती खानावळ म्हणजे ‘मिडनाईट डायनर’. यारो आबे यांच्या चित्रकथेवरून २००९मध्ये जपानी टीव्हीवर आलेली मालिका; पुढे नेटफ्लिक्सनं तिचे आणखी भाग काढले. टोकियोतल्या शिंजुकूच्या एका गल्लीत रात्री बाराला उघडून सकाळी सातला मिटणारं छोटंसं दुकान. खाण्याच्या पाटीवर एकच पदार्थ, डुकराच्या मांसाचं मिसो सूप. बाकी गिऱ्हाईक मागेल ते, सामान असेल तर करून मिळेल. आई माळकरी. त्या सूपकडे तिनं पाहिलंही नाही. ती पाहत होती मालकाचे हात. काओरू कोबायाशी या नटाचा हा मालक डोळ्यावर एक लांब व्रण घेऊन उभा असतो. व्रणाचं कारण कुणी विचारत नाही आणि तोही समोर बसलेल्याला रडण्याचं कारण विचारत नाही. तीन मैत्रिणी तिथं नेमानं येऊन चहा ओतलेला भात खातात, प्रत्येकीचं तोंडीलावणं वेगळं. “हा तर आपला ताकभातच,” आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती बाबांच्या तब्येतीखेरीज काही बोलली होती.

इंग्रजी अक्षरं तिला वाचता येत नाहीत. खालच्या ओळी माझी मुलगी मराठीत वाचून दाखवायची, पोथी वाचावी तशी, मध्येच थांबून, अवघड शब्द सोपा करून. अर्ध्या तासाच्या आत एक भाग संपायचा. बाबा बाराव्या दिवशी घरी आले, तोवर रोज एक.

पण आमच्या घरातली जपानी-कोरियन मालिकांची सुरुवात याहून जुनी. २००६मध्ये दूरदर्शननं दोन कोरियन मालिका हिंदीत आणल्या होत्या. एक होती ‘एम्परर ऑफ द सी’ आणि दुसरी ‘दे जांग गम’, जिला इकडे ‘घर का चिराग’ असं नाव दिलं होतं. सोळाव्या शतकातली एक अनाथ मुलगी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढते आणि शेवटी राजाची वैद्य होते, अशी ही ५४ भागांची गोष्ट. आई ती लोणच्याच्या फोडी चिरत पाहायची. कोरिया कुठे आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. मुलीची जीभ आणि नाक किती तल्लख आहे, याचं कौतुक होतं. पुढे २०१७मध्ये झिंदगी वाहिनीवर ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’ आली, तोवर मोबाईलवर स्वस्त डेटा आला होता आणि कॉलेजच्या मुली आपलं आपण शोधून पाहू लागल्या होत्या. टाळेबंदीनं तर बांधच फुटला. २०१९च्या तुलनेत २०२०मध्ये भारतात नेटफ्लिक्सवर कोरियन मालिका पाहणं ३७० टक्क्यांहून अधिक वाढलं. या आकड्यात कितीतरी घरं आमच्यासारखी असणार.

या सगळ्यांत आम्हाला जन्माची जोडली गेली ती ‘रिप्लाय १९८८’. २०१५-१६ची, वीस भागांची. सोलमधल्या सांगमुन-दोंग वस्तीतल्या एका गल्लीतली पाच कुटुंबं, इतकाच तिचा पसारा. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई वाटीभर कालवण शेजारी पाठवते. भरलेली वाटी रिकामी कशी परत करायची? म्हणून तिकडून दुसरं काही येतं. पोरं गल्लीतून भांडी घेऊन पळत सुटतात, एकमेकांना ओलांडतात, आणि शेवटी साध्या भाताच्या ताटाभोवती पाच घरांची चव जमते. हे पाहताना आई उठून बसली. सिडकोत आम्ही राहायला आलो तेव्हा वाटीचा हा प्रवास आमच्या रांगेतही चाले. पलीकडच्या घरातून शीरखुर्मा यायचा, आमच्याकडून पुरणपोळी जायची. त्यातलं एकेक घर कधी बंद झालं, कधी विकलं गेलं, हे आम्ही त्या रात्री मोजत बसलो.

त्याच मालिकेतला बाप बँकेत नोकरीला आहे, पण मित्राला जामीन राहिल्यामुळे कर्जात बुडालेला, अर्ध्या तळघरात राहणारा. मधल्या मुलीचा वाढदिवस दरवर्षी थोरलीच्या केकवर उरकतात, म्हणून ती एकदा फुटून रडते. नंतर तो बाप गल्लीत तिच्याजवळ बसतो, आणि बाप होणं आपल्यालाही नवीनच आहे, अशा अर्थाचं काही ओशाळून बोलतो. बाबा तेव्हा घरी आलेले होते, अजून धाप लागत होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ घातला नाही. जामीनकीची गोष्ट आमच्याही घरात घडलेली आहे.

‘माय मिस्टर’ (२०१८) मी एकटीनं पाहिली, बाबा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात. ती हलकीफुलकी नाही, उलट सुरुवातीचे भाग अंधारे आहेत. कर्जानं पिचलेली, मुक्या-बहिऱ्या आजीला सांभाळणारी एक मुलगी आणि इमारतींची मजबुती तपासणारा एक थकलेला इंजिनियर. इमारतीवर बाहेरून जोर येतच असतो, आतली ताकद त्याहून जास्त हवी, असं तो तिला सांगतो. एका रात्री त्याचे भाऊ आणि वस्तीतले मित्र मिळून तिला घरापर्यंत सोडायला चालत जातात. बस, चालतात. मी तो प्रसंग तीनदा पाहिला.

जपानी आणि कोरियन सोबतीत मला फरक जाणवतो. कोरियन मालिका तुमच्याबरोबर मोठ्यानं रडते, भांडते, गळ्यात पडते, आणि बहुधा सोळा भागांत संपते. मन खचलेलं असताना गोष्टीला शेवट आहे, ही खात्रीच किती मोठी! रोजची आपली मालिका हजार भाग गेली तरी सासूचं कारस्थान मिटत नाही. जपानी मालिका मात्र नुसती शेजारी असते. हिरोकाझू कोरेएदा यांची ‘द मकानाई’ (२०२३) बघा: आओमोरीहून क्योटोला नाच शिकायला गेलेली सोळा वर्षांची कियो त्यात नापास ठरते आणि तिथं एकत्र राहून शिकणाऱ्या मुलींचा स्वयंपाक हातात घेते. नऊ भागांत फारसं काही ‘घडत’ नाही. वांगी धुतली जातात, भात वाफाळतो. ज्या दिवशी रडूही येत नाही त्या दिवशी मी हीच लावते.

इथं एक मनापासून सांगते. पंधरा-पंधरा दिवस उठावंसं वाटत नसेल, जेवण-झोप उडाली असेल, तर मालिकेवर भागवू नये. डॉक्टरांना भेटावं, २०२२पासून सुरू असलेल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं. मी बोलले आहे.

या मालिका येण्याआधी, लहानपणी आम्हाला जपानी-कोरियन माणूस दिसायचा तो अजिंठ्याला जाणाऱ्या बसच्या खिडकीत. जपानी कर्जातून अजिंठा-वेरूळच्या जतनाचा आणि रस्त्यांचा मोठा प्रकल्प झाला, आता शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पॅन्डेक्स धाग्याचा कारखाना उभा आहे. पण त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही शिरलो ते या मालिकांमुळेच.

२०२५च्या मार्चमध्ये ‘व्हेन लाइफ गिव्ज यू टँजरिन्स’ आली. जेजू बेटावरची, समुद्रात बुड्या मारून पोट भरणाऱ्या बाईच्या लेकीची गोष्ट. दर आठवड्याला चार भाग यायचे. मुलगी आता पुण्याला असते. ती तिकडून फोनवर वाचून दाखवायची, आम्ही इकडे पडद्याकडे बघायचो.

आमच्या भागात नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी रात्री दोनला, कधी तीनला. त्या रात्री आई झोपत नाही. परवाही मी उठले तर बाहेरच्या खोलीत उजेड होता. तिनं आपलं आपण ते टोकियोचं दुकान लावलं होतं, आवाज अगदी बारीक. खालच्या ओळी वाचायला कुणी नव्हतं. मी शेजारी बसले. नळ खुर्र करून वाजला, तिनं मोबाईल माझ्या हातात दिला आणि बादल्या लावायला उठत म्हणाली, “थांबव जरा. तो आत्ताच कुणासाठी तरी भात घेतोय.”