प्रवासी पक्षी, चतुर आणि कॅमेरा

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानात पावसाळा सरताच उत्तरेकडील पक्षी उतरू लागतात. बदके सहज दृष्टीस पडतात. शंकर नावाचा चिमणीएवढा गायक पक्षी मात्र पाणकाठच्या गवतात दडून राहतो. त्याच्यामागे धावणे व्यर्थ होय. सूर्य पाठीशी घेऊन ओल्या जमिनीच्या कडेला निश्चल बसावे. किडे टिपण्यास तो आपण होऊन बाहेर येतो. हिवाळ्यात नराच्या कंठावरील निळाई फिकी असते, म्हणून शेपटीच्या मुळाचा तांबूस रंगही चित्रात यावा. त्याला वारंवार उठविणे हा केवळ असभ्यपणा नव्हे. प्रवासासाठी साठविलेली चरबी त्यात व्यर्थ खर्च होते.

पँटाला फ्लॅव्हेसेन्स या पिवळसर चतुराची तऱ्हा निराळी. दिवसभर तो हवेत तरंगतो; पहाटे, स्नायू तापण्यापूर्वी, काटकीला लोंबकळत असतो. कॅमेरा त्याच्या अंगाशी समांतर धरावा, नाहीतर शेपूट स्पष्ट आणि डोके धूसर असे चित्र हाती येते.

हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून आफ्रिकेस जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली मांडले. मालदीव बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत. तरीही ऑक्टोबरात तेथे चतुरांचे थवे येतात. ते कोणत्या दिवशी आले, याची वर्षानुवर्षे ठेवलेली साधी टिपणे त्या तर्काचा आधार ठरली. छायाचित्राबरोबर तारीख, वेळ, स्थळ व वाऱ्याची दिशा त्याच दिवशी लिहून ठेवावी ती याकरिताच.